परिचारिकेची शाळा आणि पहिली रात्रपाळी

बारावीचे निकाल लागले, कीं शहरांतील सुशिक्षित घरांतून एका ठराविक चर्चेला आरंभ होतो. गुणांची बेरीज पुनःपुन्हां केली जाते. वडील जाहिराती बाजूला काढून ठेवतात. मामा, आत्या आणि शेजारचे काका यांचीं मतें न मागतां मिळतात. अशा एखाद्या संध्याकाळीं घरांतील मुलगी शांतपणें म्हणते, "बाबा, मला नर्सिंगला जायचें आहे." क्षणभर कोणी कांहीं बोलत नाहीं. मग आई विचारते, "डॉक्टरीला गुण कमी पडले, म्हणून का ग?" आणि वडील विचारतात, "फी किती? आणि पुढें पगार किती मिळतो?"

वडिलांचे हे प्रश्न अयोग्य आहेत, असें नाहीं. संसारी माणसानें पैशांचा हिशेब आधीं करावा, हें योग्यच होय. परंतु ज्या एका प्रश्नावर त्या मुलीचें पुढील आयुष्य, आणि तिच्या हाताखालून जाणाऱ्या शेंकडों रुग्णांचें सुखदुःख अवलंबून असतें, तो प्रश्न या चर्चेंत बहुधा निघतच नाहीं. तो प्रश्न असा, कीं ही मुलगी कोणत्या रुग्णालयांत, कोणाच्या खाटेशेजारीं उभी राहून शिकणार? परिचर्येची विद्या पुस्तकांत आहे, वर्गांतहि आहे; पण तिचा मोठा भाग रुग्णालयाच्या वॉर्डांत आहे. म्हणून प्रवेश घेतांना काय, किंवा शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी धरतांना काय, पारख करावयाची ती इमारतीची नव्हे, वॉर्डाची.

या पेशाकडे पाहण्याची मराठी घरांची दृष्टि गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत पुष्कळच पालटली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघाली. त्यानंतर तीस-एक वर्षांनीं, १८९१ सालीं, बाई काशीबाई गणपत या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत शिक्षणासाठीं आल्या. असें शिक्षण घेण्यास आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचें नांव आजहि नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत वाचावयास मिळतें. पुणें सेवासदन १९०९ सालीं स्थापन झालें, आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या धडपडीमुळें तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकूं लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, कोणत्याहि जातीच्या रुग्णाचें मलमूत्र काढावयाचें आणि रात्र घराबाहेर काढावयाची, या गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा घरांना सहज पटण्यासारख्या नव्हत्या. तरीहि ज्या स्त्रिया गेल्या, त्या थेट मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डांत गेल्या. त्यांना शिक्षण मिळवितांना टीका सोसावी लागली. पण जें शिक्षण मिळालें, तें खरें होतें.

आज ती टीका बहुतेक मावळली आहे. मुलगीच नव्हे, तर मुलगाहि परिचर्येला जातो आणि वॉर्डांत त्याला 'ब्रदर' म्हणून हांक मारतात. परंतु जुन्या विरोधाच्या जागीं आतां एक नवा धोका आला आहे, तो घाईचा. 'लवकर नोकरी लागते,' 'परदेशाची वाट मोकळी होते,' एवढ्या दोन वाक्यांवर प्रवेश घेतले जातात. आणि जेथें घाई असते, तेथें ती पुरविणारे व्यापारीहि उभे राहतात.

प्रथम वाटा कोणत्या, तें पाहावें. भारतांत परिचारिका होण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ए. एन. एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून तो मुलींसाठीं आहे, आणि त्याचा रोख मुख्यतः गांवपातळीवरील आरोग्य उपकेंद्र, लसीकरण, गरोदर स्त्रिया व बालकें यांच्याकडे असतो. दुसरी वाट जी. एन. एम. या तीन वर्षांच्या पदविकेची. तिला बारावींत इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेस पसंती असली, तरी इतर शाखांना दार बंद नाहीं. तिसरी वाट बी. एस्सी. नर्सिंगची. ही पदवी चार वर्षांची असून तिला बारावींत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि खुल्या वर्गासाठीं सरासरी ४५ टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं सतरा वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. जी. एन. एम. झालेल्यांना पुढें दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी. एस्सी. करतां येतें, म्हणजे पदविकेची वाट धरली, तर पदवीचें दार कायमचें बंद होतें, असें मुळींच नाहीं.

प्रवेशपरीक्षांचे नियम मात्र वर्षावर्षाला बदलतात. म्हणून गेल्या वर्षीं शेजारच्या मुलीला प्रवेश कसा मिळाला, यावर विसंबून राहूं नये. चालू वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिकाच वाचावी. पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेल्या परिचर्या महाविद्यालयाची वाटहि कित्येक घरांना ठाऊक नसते. तेथें प्रवेशासाठीं नीट परीक्षेचे गुण पाहिले जातात, आणि शिक्षण पुरें करणाऱ्या विद्यार्थिनी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्यें लेफ्टनंटच्या हुद्द्यावर रुजू होतात.

आतां शाळा किंवा महाविद्यालय कसें पारखावें? शेजारीं एखाद्या निवृत्त परिसेविका राहत असल्या, तर त्यांना विचारावें. त्या बहुधा एवढेंच म्हणतील, "अहो दादा, इमारत काय बघतां? खाटा मोजा." या चार शब्दांत सारें सार आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलची स्थापना १९४७ च्या कायद्यानें झाली. शाळेला स्वतःचें किमान १०० खाटांचें रुग्णालय असावें, त्यांतील किमान ७५ टक्के खाटा रुग्णांनीं भरलेल्या असाव्या, आणि एका विद्यार्थिनीमागें तीन रुग्ण हें प्रमाण राहावें, असे दंडक या कौन्सिलनें घालून दिले. (२०२३ सालीं संसदेनें या कायद्याची जागा घेण्यासाठीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला.) या आंकड्यांमागील विचार अगदीं साधा आहे. साठ मुली आणि वीस रुग्ण असा वॉर्ड असेल, तर एका रुग्णामागें तीन मुली येतील, त्यांतील एकीचीं बोटें नाडीवर पडतील, आणि बाकीच्या मुली भिंतीशीं उभ्या राहून वहींत आंकडे उतरवून घेतील. अशा मुलींना नाडीची व्याख्या तोंडपाठ येईल. नाडी येणार नाहीं.

ही भीति कल्पनेंतील नाहीं. मध्य प्रदेशांतील नर्सिंग महाविद्यालयांविषयीं तक्रारी आल्यावर तेथील उच्च न्यायालयानें केंद्रीय अन्वेषण विभागाकडून त्यांची तपासणी करविली. २०२४ च्या आरंभीं समोर आलेल्या अहवालाप्रमाणें ३०८ महाविद्यालयांपैकीं १६९ योग्य ठरलीं. बाकीच्यांत उणिवा आढळल्या, किंवा तीं सर्वस्वी अपात्र ठरलीं. त्यापुढची गोष्ट अधिक खेदाची. तपासणी करणाऱ्यांपैकींच कांहीं अधिकाऱ्यांना लांच घेतल्याच्या आरोपावरून त्याच वर्षीं अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीहि फेरतपासणी करण्याची पाळी आली. या साऱ्या गोंधळांत परीक्षा रखडल्या, आणि ज्या मुलांमुलींनीं फी भरून वर्षें घालविलीं, त्यांचा दोष एवढाच होता, कीं त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं छापील माहितीपत्रावर विश्वास ठेवला.

यासाठीं पालकांनीं दोन कामें स्वतः करावीं. पहिलें, संस्थेला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठीं आहे कीं नाहीं, हें संस्थेच्या कार्यालयांत न विचारतां कौन्सिलच्या प्रसिद्ध यादींत पाहावें. पदवीची परीक्षा कोणतें विद्यापीठ घेतें, हेंहि पाहावें. महाराष्ट्रांत तें नाशिकचें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ होय. दुसरें काम याहून महत्त्वाचें. एखाद्या सामान्य दिवशीं, तपासणीचा किंवा समारंभाचा दिवस टाळून, सकाळीं दहाच्या सुमारास त्या संस्थेच्या रुग्णालयांत जावें. बाह्यरुग्ण विभागासमोर रांग आहे का? वॉर्डांतील खाटा भरलेल्या आहेत का? गणवेषांतील विद्यार्थिनी रुग्णांच्या जवळ आहेत, कीं गच्चीवर उभ्या आहेत? त्यांच्याबरोबर शिकविणाऱ्या बाई आहेत का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना सहज विचारावें, "ताई, प्रसूतिगृहांत तुम्हांला स्वतःच्या हातानें काम करूं देतात का?" उत्तर देतांना मुलगी ज्या रीतीनें इकडेतिकडे पाहील, त्यावरूनहि पुष्कळ कळतें. "रोज यायची गरज नाहीं, हजेरीचें आम्ही पाहूं," असें जेथें कार्यालयांतच सांगितलें जातें, तेथून आपल्या मुलीसह त्याच पावलीं परतावें. ही सवलत नव्हे. मुलीचें शिक्षण परस्पर विकलें जात असल्याची ती कबुली होय.

खऱ्या वॉर्डांत मुलगी काय शिकते? आरंभीं जें शिकते, तें पाहून घरच्यांना थोडी निराशाच वाटते. चादरीला सुरकुती न राहूं देतां खाट कशी लावावी. उठूं न शकणाऱ्या रुग्णाला खाटेवरच स्नान कसें घालावें. ताप, नाडी, श्वास व रक्तदाब कसे मोजावे आणि केसपेपरवर कसे नोंदवावे. "एवढ्यासाठीं बारावी सायन्स केलें का?" असें एखाद्या आजी म्हणतात. परंतु चादरीची ती सुरकुती अर्धांगवायूच्या रुग्णाच्या पाठीखालीं तशीच राहिली आणि दर दोन-दोन तासांनीं त्याची कूस बदलली नाहीं, तर त्वचा फाटून शय्याव्रण होतो. तो हाडापर्यंत जातो, आणि मूळ आजारांतून वांचलेला माणूस त्या जखमेनें दगावूं शकतो. स्नान घालतांनाच परिचारिकेला टाचेवरील लाल डाग दिसतो, पायावरची सूज दिसते, आणि डॉक्टरांना न सांगितलेली वेदना रुग्ण तिला सांगतो. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय तिला लागतात, ते हें जें दिसलें त्याचा अर्थ लावण्यासाठीं.

औषध देण्याची शिस्तहि येथेंच हाडीं मुरते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पांच गोष्टी पाहिल्याशिवाय हात पुढें करावयाचा नाहीं, हें पहिल्या वर्षीं पाठ होतें. त्याची संवय लागावयास मात्र शेंकडों वेळां, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत, तें करावें लागतें. पहिला मृत्यु मुलगी येथेंच पाहते. त्या दिवशीं ती घरीं किंवा वसतिगृहांत येते आणि जेवत नाहीं. ज्या शाळेंत अशा वेळीं एखाद्या शिक्षिका तिच्याजवळ येऊन बसतात, ती शाळा चांगली, असें खुशाल समजावें.

शिक्षण पुरें झालें, परीक्षा झाली, म्हणजे मुलगी परिचारिका झाली, अशी घरांत समजूत असते. कायद्याच्या दृष्टीनें ती तशी होत नाहीं. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्यें नांवाची नोंदणी झाल्यावरच तिला नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणून काम करतां येतें. महाराष्ट्रांत ही नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते, आणि पुढें वेळोवेळीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. "नोंदणी नंतर करूं, आधीं नोकरी धरूं," हा विचार करूं नये. नोंदणीशिवाय केलेलें काम अनुभवांत धरलें जात नाहीं, आणि कांहीं चूक झाली, तर मुलीच्या पाठीशीं कोणीहि उभें राहत नाहीं.

मग पहिली नोकरी. सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिकेचें पद जाहिरात व परीक्षा यांतून मिळतें. तिच्यावर परिसेविका आणि त्यांच्यावर अधिसेविका, अशी चढती पायरी असते. केंद्राच्या एम्स संस्थांतील नर्सिंग ऑफिसरच्या जागांसाठीं नॉरसेट नांवाची सामाईक परीक्षा होते. त्या परीक्षेची एक अट पहिली नोकरी धरतांनाच माहीत असावी. बी. एस्सी. झालेल्यांना तेथें अनुभवाची सक्ति नाहीं, परंतु जी. एन. एम. झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयांतील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. घराजवळच्या बारा खाटांच्या नर्सिंग होममध्यें दोन वर्षें मन लावून काम केलेल्या मुलीला ही अट उशिरां कळते, आणि मग त्या दोन वर्षांचा दाखला तेथें उपयोगीं पडत नाहीं. जाण्यायेण्याची सोय पाहून नोकरी धरण्यापूर्वीं रुग्णालयाच्या खाटा किती, हा जुनाच प्रश्न येथेंहि विचारावा.

जाहिरात निघून नेमणूक होईपर्यंत कधीं वर्ष, कधीं त्याहून अधिक काळ जातो, म्हणून बहुतेक मुलींची पहिली नोकरी खाजगी रुग्णालयांत होते. तेथें सावध राहण्याच्या गोष्टी दोन. नेमणुकीच्या वेळीं मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेणें आणि ठराविक वर्षांपूर्वीं नोकरी सोडल्यास मोठी रक्कम मागणें, ही रीत अनेक ठिकाणीं होती. २०११ व २०१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व केरळ येथील खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनीं जे संप केले, त्यांत या तक्रारी अग्रभागीं होत्या. मूळ कागद कोणाच्याहि स्वाधीन करूं नयेत. दाखवावे, प्रती द्याव्या आणि मूळ कागद घरीं आणावे. करारपत्रावर सही करण्यापूर्वीं तें एक रात्र घरीं आणून वडीलधाऱ्यांस दाखवावें. ज्या कार्यालयाला एक रात्र थांबवत नाहीं, त्याच्या करारांत थांबून पाहण्यासारखें कांहीं तरी असतेंच.

दुसरी गोष्ट पगाराची. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची संघटना या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयांत गेली होती. २९ जानेवारी २०१६ रोजीं न्यायालयानें दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारनें समिति नेमली. तिच्या शिफारशी अशा: २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत परिचारिकेचा पगार त्या राज्यांतील सरकारी परिचारिकेइतका असावा, १०० हून अधिक खाटा असतील, तर तो सरकारी पगाराहून १० टक्क्यांपेक्षां जास्त कमी नसावा, ५० ते १०० खाटा असतील, तर २५ टक्क्यांपेक्षां जास्त कमी नसावा, आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणींहि महिना २०,००० रुपयांहून कमी नसावा. या शिफारशी होत, सर्वत्र पाळला जाणारा नियम नव्हे. पुष्कळ ठिकाणीं मुली याहून कमी पगारावर रुजू होतात. तरीहि मुलाखतीस जाणाऱ्या मुलीला हे आंकडे ठाऊक असावे. आपण मागतों तें अवास्तव नाहीं, देशाच्या एका समितीनें तें मान्य केलें आहे, एवढें कळलें, तरी तिचें बोलणें सरळ राहतें.

पण पगारापेक्षांहि मोठा असा एक प्रश्न मुलाखतींत विचारावयाचा राहून जातो, आणि त्यासाठीं पहिल्या रात्रपाळीची कल्पना डोळ्यांपुढें आणली पाहिजे.

समजा, नोकरीचा तिसरा आठवडा आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत. वॉर्डांत तीस रुग्ण असून ज्येष्ठ परिचारिकेला दुसऱ्या मजल्यावर बोलावणें आलें आहे. एका रुग्णाच्या रक्तांतील पोटॅशियम कमी झाल्याचा अहवाल येतो, आणि डॉक्टर फोनवरून औषध सांगतात. नवी परिचारिका कपाट उघडते. पोटॅशियम क्लोराइडची कुपी पाण्यासारखी स्वच्छ, रंगहीन दिसते. हें औषध सलाईनच्या बाटलींत पुरेसें पातळ करून ठराविक गतीनें दिलें, तर रुग्णाला तारतें. तीच कुपी सिरिंजमध्यें भरून सरळ शिरेंत दिली, तर हृदय थांबूं शकतें. हा फरक मुलीला परीक्षेंत आला होता. पण त्या वेळीं पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसलेले असतात, एका बाईंची सलाईन संपत आलेली असते, एक नातेवाईक तीन वेळां येऊन रागावून गेलेला असतो, आणि तिचे पाय संध्याकाळपासून दुखत असतात.

अशा क्षणीं तिला दोन गोष्टी वांचवितात. एक, शाळेंत शेंकडों वेळां केलेली ती संवय. कुपीवरचें नांव वाचल्याशिवाय तिचा हात पुढें जातच नाहीं. दुसरी, कोणाला तरी विचारण्याची मुभा. "ताई, जरा येतां का? हें एकदां तुम्हीं पाहा," असें ज्या वॉर्डांत निःसंकोच म्हणतां येतें आणि त्यावर "एवढें येत नाहीं का तुला?" असा टोमणा मिळत नाहीं, तो वॉर्ड नव्या परिचारिकेसाठीं सुरक्षित; आणि जो तिच्यासाठीं सुरक्षित, तोच रुग्णासाठींहि सुरक्षित. जेथें मोठ्या चुका घडतात, तेथें बहुधा अज्ञानापेक्षां एकटेपण अधिक असतें.

म्हणून मुलाखतीच्या शेवटीं "तुम्हांला कांहीं विचारावयाचें आहे का?" असें कोणी म्हणालें, तर मुलीनें तीन गोष्टी नम्रपणें विचाराव्या. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? सर्वसाधारण रुग्णालयांतील वॉर्डासाठीं एका परिचारिकेमागें पांच आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत तीन, असें प्रमाण इंडियन नर्सिंग कौन्सिलनें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत रुग्णांची संख्या त्याहून पुष्कळ जास्त असते, हें तिला ठाऊक असेलच, पण उत्तर देणारा माणूस ती किती मोकळेपणानें सांगतो, तें पाहावें. दुसरें, पहिले किती आठवडे ज्येष्ठ परिचारिकेच्या बरोबरीनें काम करावयाचें असतें? आणि तिसरें, अतिदक्षता विभागांत नेमण्यापूर्वीं शिकविण्याची कांहीं सोय आहे का? "उद्यांपासूनच आय. सी. यू. सांभाळावा लागेल, मुलगी हुशार दिसते," हें ऐकून घरच्यांनीं हरखून जाऊं नये. हुशारीची ती पावती नव्हे. तेथें माणसांचा तुटवडा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन ठिकाणांहून बोलावणें आलें आणि एकीकडे पगार थोडा जास्त, पण शिकविणारें कोणी नाहीं, तर दुसरीकडे पगार थोडा कमी, पण मोठा वॉर्ड आणि अनुभवी परिसेविका, अशी निवड करण्याची पाळी आली, तर पहिल्या दोन वर्षांसाठीं दुसरें ठिकाण पत्करावें. पुढें परदेशीं जावयाचें असलें, तरीहि हाच सल्ला लागू पडतो. तेथील परीक्षांतून भाषा व नियम यांच्याबरोबर रुग्णाशेजारीं उभें राहून घ्यावयाचे निर्णयहि तपासले जातात, आणि ते निर्णय एकट्यानें पुस्तक वाचून येत नाहींत.

शेवटीं घराविषयीं दोन शब्द. मुलीला नोकरी लागली, कीं आपलें काम संपलें, असें पालकांना वाटतें. वास्तविक त्या पहिल्या वर्षांत घराची गरज सर्वांत जास्त असते. रात्रपाळी करून सकाळीं परतलेली मुलगी अकरा वाजतां झोपलेली दिसली, तर तिला आळशी समजूं नये. पडदा ओढून घ्यावा आणि घरांतला आवाज कमी करावा. "भाजी तेवढी चिरून दे, मग झोप," असें म्हणूं नये. दिवाळीच्या दिवशीं तिची पाळी असेल, तर फराळ दुसऱ्या दिवशीं करावा. त्यानें सणाचें कांहीं बिघडत नाहीं. एखाद्या दिवशीं ती न बोलतां बसून राहिली, तर कारण विचारण्याची घाई करूं नये. चहा करून तिच्याजवळ बसावें. आणि स्थळें पाहतांना "लग्नानंतर रात्रपाळी सोडावी लागेल" ही अट कोणी घातली, तर त्याला तीच परिसेविकाबाईंची भाषा वापरून विचारावें, कीं तुमच्या घरांतील माणूस रात्रीं दोन वाजतां रुग्णालयांत असेल, तेव्हां त्याच्या खाटेजवळ कोणी असावें, असें तुम्हांला वाटतें?

कारण ती वेळ प्रत्येक घरावर केव्हां ना केव्हां येते. आपले वडील, आपली आई, किंवा आपण स्वतः, त्या खाटेवर असतों. डॉक्टर सकाळीं येऊन गेलेले असतात आणि नातेवाइकांना बाहेर जावयास सांगितलेलें असतें. दिवे मंद झाल्यावर एक मुलगी येते, कुपीवरचें नांव वाचते, पुन्हां एकदां वाचते, आणि मगच हात पुढें करते. ती कोण, कोठली, हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं कोणत्या तरी घरांत, निकालाच्या दुसऱ्या दिवशीं, कोणा वडिलांनीं फी आणि पगार यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारलेला असतो, आणि एका सामान्य सकाळीं ते रुग्णालयांत जाऊन खाटा मोजून आलेले असतात.